पुढच्या खोलीतली खाट

"पूस ते."

बंगल्याच्या मालकीणबाई मला म्हणाल्या. कुंकू त्यांनीच लावलं होतं, आत्ताच. त्यांचं बोट अजून लाल होतं. ते बोट त्यांनी अंगापासून लांब धरलं होतं, भाजल्यासारखं.

मी पदरानं पुसलं. कुंकू पुसलं की जात नाही, पसरतं. पदराला लागलं, भुवईला लागलं. दिवाणखान्यात बायकाच बायका होत्या. आंब्याच्या डाळीची वाटी माझ्या हातात होती. ती कुठे ठेवावी ते मला कळेना. टेबलावर ठेवली तर टेबल बाटेल. मी ती हातातच धरून उभी राहिले.

मागच्या दारात माझी आक्का बसली होती. पोट हातांनी सावरून. ती हे सगळं बघत होती.

लोणावळ्यातला चैत्र होता. हवेसाठी आलेल्या पुण्या-मुंबईच्या बायका बंगल्याबंगल्यांतून उतरल्या होत्या. हळदीकुंकू चैत्रगौरीचं, पण त्यातच सभा होती. सभेला म्हणून बायकांना घरून सोडत नाहीत. हळदीकुंकवाला सोडतात. ही युक्ती ताईंची. ताई म्हणजे मुंबईच्या असेंब्लीत निवडून गेलेल्या बाई. मुलींची लग्नं लवकर नकोत, बाईला घरात वाटा हवा, प्रत्येक पेठेच्या गावी बाळंतिणींसाठी दवाखाना हवा, हे त्या असेंब्लीत उभं राहून बोलत. पुरुष हसत, तरी बोलत. मी त्यांची भाषणं इंग्रजीत करून देई. मला त्यांचा अभिमान वाटे. हे मी आजही लपवत नाही.

माझे वडील खंडाळ्याला एका म्हाताऱ्या मड्डमकडे बटलर होते. तिनं मला नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मी दोन गोष्टी शिकले. चांगलं इंग्रजी, आणि गप्प बसणं. ताईंनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला वडिलांचं नाव विचारलं, गाव विचारलं, जात विचारली. मी सांगितली. त्या म्हणाल्या, "मी असलं काही मानत नाही. तू निर्धास्त राहा."

मी निर्धास्त राहिले.

त्या दिवशी मी पांढरं, रंगीत काठाचं लुगडं नेसले होते. सभेला एका साहेबाची मड्डम आली होती, तिच्याशी इंग्रजीत बोलत होते. मालकीणबाईंनी ते ऐकलं आणि काहीच विचारलं नाही. एवढं इंग्रजी बोलणारी मुलगी आपल्यातलीच असणार, असं त्यांनी धरून टाकलं. हळद लावली, कुंकू लावलं, पन्हं दिलं, चांदीच्या पेल्यात. ताई समोरच बसल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

आक्काला मीच बोलावून घेतलं होतं. ती वडिवळ्याला दिलेली. तिचं पहिलं मूल कामशेतच्या वाटेवर, शेताच्या बांधावर गेलं. कळा सुरू झाल्यावर तिला झोळीत घालून दवाखान्याकडे नेत होते. आता दुसरी खेप होती. ताईंचा लोणावळ्यात दोन खोल्यांचा दवाखाना होता. पुढच्या खोलीत लोखंडी खाटा होत्या, नर्स होती. तो वाढवायचा म्हणून ही सभा. ताई मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या बहिणीला एक खाट माझ्याकडून." नर्स सभेला येणार होती, आक्काला तपासणार होती. म्हणून आक्का मागच्या दारी बसली होती.

तिला तहान लागली. तिनं आत हाक मारली. "ए बाय, मला वाईच पानी दे की. का मड्डम झालीस तू बी?"

बायका हसल्या. मालकीणबाईही हसल्या. कौतुकानं पुढे होऊन म्हणाल्या, "कुठली गं तू?"

"वडिवळ्याच्या म्हारवाड्यातली जी." आणि माझ्याकडे बोट करून, "ही माजी धाकली भैन."

मग ते झालं. पूस ते.

मी ताईंकडे बघितलं. सगळ्या जणीच त्यांच्याकडे बघत होत्या. ताई पदर सारखा करत म्हणाल्या, "मला खरंच कल्पना नव्हती हो."

कुंकू पुसताना मला रडू आलं नव्हतं. हे वाक्य ऐकल्यावर आलं. मी ते गिळलं. गिळायची सवय होती.

मोलकरणीनं माझा पेला चिमट्यात धरून बाहेर नेला. चुलीत घालून शुद्ध करायला. ताई म्हणाल्या, "वेळ जातोय. तू बाहेर व्हरांड्यात उभी राहून ठराव वाच. खिडकीतून आवाज येतो आत."

मी व्हरांड्यात उभी राहून वाचलं. बाई कोणत्याही घरची असो, बाळंतपणात तिला खाट, स्वच्छ पाणी आणि शिकलेली नर्स मिळाली पाहिजे. आधी मराठीत, मग मड्डमसाठी इंग्रजीत. वाक्य माझंच होतं. ते मला खिडकीच्या गजांमधून आत ढकलावं लागलं.

मालकीणबाईंनी मध्येच विचारलं, "पण खाटा सगळ्यांना त्याच का?"

ताई म्हणाल्या, "नाही, नाही. मागे गोठ्याची पडवी आहे. ती सारवून घेऊ त्यांच्यासाठी." मग खिडकीकडे तोंड करून, "एवढं मड्डमना सांग."

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

ताई उठून खिडकीशी आल्या. आवाज हळू, गोड. "अगं, तुझ्या बहिणीचं मीच बघतेय ना?"

आक्का भिंतीला धरून व्हरांड्याच्या टोकाशी आली होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं. हे कळलं. "सांग की गं," ती म्हणाली. "काय जातंय आपलं? पडवी तर पडवी. बांधापरीस बरी."

मी सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फार सभ्य झालं. मड्डमनं मान डोलावली. म्हणाली, "हाऊ थॉटफुल."

परत जाताना आक्का मला हसवायला बघत होती. "तुज्या कपाळाला लयच लाल दिसत हुतं. माकडाच्या तोंडावानी. पुसलं त्ये बरं झालं." मी हसले नाही. स्टेशनापर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

श्रावणात ती आली. वेळेवर आली. लोणावळ्यात पाऊस धरला की सोडत नाही. पडवीची जमीन ओली, भिंत ओली, गवताखाली पाणी. पलीकडे गाय बांधलेली. पुढच्या खोलीतल्या खाटा रिकाम्या होत्या. मी बघितल्या. पांढऱ्या चादरी घडी न मोडलेल्या.

नर्स उंबऱ्याशी उभी राहून सांगत होती. "पाय वर घे म्हणावं. आता जोर कर म्हणावं." मी आक्काच्या कानाशी तोंड नेऊन तेच सांगत होते. आक्काला नर्सचं ऐकू येत होतं, तरी मी सांगत होते. नर्सनं पाय आत टाकला नाही. नाळ कशी कापायची ते तिथूनच दाखवलं. कापली मी.

मुलगी झाली. जोरात रडली. आक्का म्हणाली, "आवाज बग तिचा. ही काय तुज्यावानी गप बसनारी न्हाई."

मग आक्काला ताप चढला. औषधाची बाटली उंबऱ्यावर यायची. डॉक्टर एकदा आले, छत्री न मिटता दारातून बघून गेले. मी म्हटलं, "हिला पुढच्या खोलीत घ्या. ती कोरडी आहे." नर्स म्हणाली, "ताईंना विचारावं लागेल." ताई मुंबईला होत्या. असेंब्ली भरली होती.

आक्का तापात बडबडत होती. बांधावरच्या पहिल्या बाळाला हाका मारत होती. तो बांध तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. पडवीत असूनही ती तिथेच मेली.

पोरगी तिच्या बापानं माझ्या ओटीत घातली. बकरीच्या दुधावर जगली.

पुन्हा चैत्र आला तेव्हा ताईंनी मला बोलावलं. डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं ते पाणी, मी खोटं म्हणणार नाही. म्हणाल्या, "मला तुझ्या बहिणीबद्दल असेंब्लीत बोलायचंय. सगळं सभागृह हलेल. तू लिही. तुझ्यासारखं कुणी लिहिणार नाही." आणि सांगू लागल्या. "खेड्यातली अडाणी बाई. दवाखान्याला भिणारी. उशिरा आलेली..."

"ती उशिरा आली नव्हती, ताई."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"ती वेळेवर आली होती. भ्यालीही नव्हती. ती तुमच्या पडवीत मेली. खाटा रिकाम्या होत्या. हे लिहू?"

"असं कसं लिहायचं? पैसे देणाऱ्यांना काय वाटेल? मोठं काम करायचं तर थोडं..."

"मग मी लिहिणार नाही."

"शांतपणे विचार कर. तुझ्या लोकांचंच भलं आहे यात."

"आणि त्या दिवशी तुम्हाला कल्पना होती, ताई."

एवढंच बोलले. टाक दौतीशेजारी ठेवला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. वडील खूप रागावले. अशी नोकरी पुन्हा मिळणार नाही म्हणाले. मिळाली नाही.

आता मी वडिवळ्याकडच्या वाड्यावस्त्यांतून जाते. कुणाला दिवस गेलेत ते विचारते. दिवस भरत आले की तिच्याबरोबर लोणावळ्याला येते. दवाखाना वाढलाय. पुढे नव्या खाटा आल्यात. मागे पडवी आहे तशीच आहे.

पहिल्या बाईला मी पुढच्या दारानं आत नेलं. नर्स आडवी आली. बाई घाबरून मागे सरली, मला म्हणाली, "पडवीच बरी गं बाय." मी तिला हाताला धरून खाटेवर बसवलं. घडी मोडली. नर्स ओरडली. ताईंना कळवते म्हणाली.

"कळवा," मी म्हटलं.

त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. पोलीस बोलावला. बाई रस्त्यावर अडली नाही, नशीब. मी पुन्हा येणार आहे. दुसरीला घेऊन, मग तिसरीला. आक्काची पोर चालायला लागली की तिचं बोट धरून. दरवेळी पुढच्या दारानं. दरवेळी त्याच खाटेवर. आणि ज्या तोंडानं मी व्हरांड्यातून ते सभ्य वाक्य सांगितलं, त्याच तोंडानं आत उभी राहून सांगणार आहे. मराठीतही, इंग्रजीतही.

पडवीत नाही. इथे.