घरचं फडकं

शिडाच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या त्या आवारात त्याला सगळे नाक्या म्हणत. म्हणत थट्टेनं, पण अडलं की त्याच्याच मागे लागत. बोटीवरच्या संडासाची टाकी झोपायच्या फळीखाली असते, आणि ती गळायला लागली की चकचकीत बोटीचाही उकिरडा होतो. अशा वेळी बाकीचे नाक मुरडून पसार. नाक्या मात्र पोटावर सरपटत फळीखाली शिरायचा.

थेंब दिसला तर काम सोपं. क्लिप सोडायची, जुनं सीलंट खरवडायचं, पाइपाचं टोक गरम पाण्यात मऊ करून परत चढवायचं आणि नव्या क्लिपा आवळायच्या. पण कधी कधी सगळं कोरडंठाक असतं आणि वास येतोच, कारण पाइपच वर्षानुवर्षं घाण पिऊन मुरलेला असतो. तिथे खरी मदार नाक्यावर. गरम पाण्यात पिळलेलं फडकं तो पाइपाला गुंडाळायचा आणि थंड झालं की उघड्यावर नेऊन हुंगायचा. वास आला तर पाइप बदलायचा, नाही तर दोष सांध्यात.

मग एका सर्दीत ते नाकच गेलं. सर्दी बरी झाली, वास काही परतला नाही. आवाराच्या मालकाला कळलं असतं तर हातात नारळ पडायला वेळ लागला नसता, आणि या वयात दुसरं काम कोण देणार? त्यानं फक्त बायकोला सांगितलं.

"आयुष्यभर तुमच्या नाकाचं कौतुक ऐकलं," ती हसून म्हणाली, "आता बघा कोणाचं नाक कामाला येतंय!"

त्या दिवसापासून तो फडकी बंद बरण्यांतून घरी आणू लागला. सोबत ताडून पाहायला एक घरचं, पाइपाला न लागलेलं फडकं असायचं. ती दोन्ही हुंगायची आणि म्हणायची, "सारखीच आहेत हो. पाइप चांगला आहे." दोनचार बोटी निभावल्या, कारण तिथे दोष खरंच सांध्यात होता.

पुढची बोट एका म्हाताऱ्या जोडप्याची होती. दोघं तिच्यातच राहायची. नाक्यानं सगळे सांधे नव्यानं बसवले, तरी वास हटेना. परत फडकी, परत "सारखीच आहेत". मालकानं शेवटचं बजावलं, "या वेळी वास राहिला तर मी दुसरा माणूस बघतो."

बायकोला सांगून नाक्या बरण्या घेऊन थेट लग्न झालेल्या मुलीकडे गेला. मूल झाल्यापासून ती माहेरी फिरकली नव्हती. कधी सासूची तब्येत, कधी बाळाची झोप. तिनं खिडकी उघडली आणि पहिली बरणी हुंगली.

"येतोय वास."

दुसरी. "हिलाही येतोय."

तिसऱ्या बरणीत घरचं फडकं होतं. तिनं झाकण काढलं आणि लगेच तोंड फिरवलं. "हिलाही तसाच."

"नीट बघ. हे नुसतं घरात धुतलेलं आहे."

झाकण परत लावत ती खाली बघून म्हणाली, "बाबा, तो वास घराचाच आहे. पलंगाखाली तुमचे जुने पाइप, दोरीवर तुमचे कपडे. आईला कळत नाही, तिला सवय झालीय. बाळाला घेऊन मी कशी येऊ? मला बोलवेना हो."

नाक्याला कानशिलात बसल्यासारखं झालं. काम जाणार याचं दुःख त्याला त्या क्षणी वाटलंच नाही. या वासाच्या घरात बायकोला आपण जन्मभर कोंडलं, याची त्याला शरम वाटली. बरण्यांची झाकणं आवळून तो तसाच आवारात गेला आणि मालकाला म्हणाला, "तो पाइप बदला. आणि माणूसही."

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाली पोरगी?"

"तुझं नाक शाबूत आहे म्हणाली."

"बघा! मी सांगतच होते!" तिचा चेहरा उजळला. मग तिनं हळूच विचारलं, "आणि बाळाला घेऊन कधी येतेय, ते विचारलंत?"