माझ्या केळीआडची दीर्घिका

आमच्या बहादरपुरात पाण्याची मोटार जळाली की पंडितकडे न्यायची. चाळीस वर्षं तो तांब्याच्या तारेचे वेढे मोजतोय. एक चुकला तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. त्याच चिकाटीनं गड्यानं सात महिने काच घासून आरसा केला, पाइपात बसवला आणि अंगणात दुर्बीण उभी केली.

आता मजा ऐका. शाळेत असताना सप्तर्षी मी दाखवायचो, अन् हा शुक्राला विमान म्हणायचा! आज मात्र तारा विचारायला सगळं गाव त्याच्या दारात. जळणार नाही तर काय?

वैशाखात तो माझ्या बांधावर आला.

"लीलाधर, दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहात एक दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेसारखीच, पण पार दूर. उजेड सव्वा कोटी वर्षांपूर्वी निघालाय तिचा. माझ्या अंगणातून नेमकी तुझ्या बागेआड जाते. कडेच्या चार केळी काढल्यास तर..."

"लगडलेल्या केळी कापू? सव्वा कोटी वर्षं थांबली, अजून दोन महिने थांबेल."

"तोवर ढग येतील, मग गेली पुढल्या सालावर. मोतीबिंदू उतरतोय रे मला."

मी बधलो नाही. घरी आमची गोदाबाई म्हणते, "अहो, धुराचा वास येतोय. काय जळतंय?"

आठ दिवसांनी पंडितची बायको, विमलवहिनी, पत्रिका घेऊन आली. नात मृणालचं लग्न. "भाऊजी, मांडवाच्या दाराला घडासकट चार केळी द्या."

मांडवाला केळ मागितली तर आमच्यात कुणी नाही म्हणत नाही. "न्या की, हव्या त्या," मी म्हणालो. वहिनीनं सोबत आणलेल्या माणसाला सरळ कडेच्या ओळीवर नेलं!

"याच का?"

"घराजवळ पडतात ना, भाऊजी," पदराआड हसत म्हणाली.

नात सासरी गेली त्या दिवशी जेवणं उरकल्यावर अंगणात पाहुण्यांची रांग लागली. पंडितनं दुर्बीण माझ्या ओळीतल्या फटीवर धरली अन् मलाच पुढं ओढलं. "केळी याच्या. पहिला मान याचा. मीसुद्धा अजून पाहिली नाही."

डोळा लावला. धुरकट गोळा, मधोमध पुसट काळी पट्टी.

"दिसली?"

"छे, काहीच नाही," मी म्हणालो आणि बघत राहिलो.

"सरक आता, लबाडा. माझा मोतीबिंदू पिकेल!"

मग त्यानं डोळा लावला. काढायचं नावच घेईना. मी शेजारी उभा. मनात एकच, याला माझ्यापेक्षा जास्त दिसतंय.