बाथ कधी काढायचा

ज्योत्स्नाबाईंनी ओव्हनपुढे बसून कधी घड्याळ पाहिलं नाही. त्यांचे यजमान यादवराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, तेव्हाची ही विद्या. कॉलनीत एका मजल्यावर चार दारं आणि चार दारांआड चार मुलुख. समोरच्या शमीमआपा मालेगावच्या. त्यांनी नानखटाई शिकवली, तीही पातेल्यात वाळू तापवून. शेजारची ल्युडविना गोव्याची. तिच्याकडे गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता. त्यात ती नाताळला रव्याचा आणि ओल्या नारळाचा केक, म्हणजे बाथ, भाजायची. पुढे देवळालीच्या एका पारशी म्हातारीकडून जायफळ घातलेला कुमास केकही त्या शिकल्या. प्रत्येकीची भट्टी वेगळी, आच वेगळी, मग मिनिटांचा हिशेब कोण कोणाला सांगणार?

"मिनिटं काय विचारतेस गे? नाक ठेव," ल्युडविना म्हणायची.

ज्योत्स्नाबाईंनी नाक ठेवलं ते तीस वर्षं. पुढे जेलरोडला स्वतःचा फ्लॅट झाला, विजेचा मोठा ओव्हन आला, सून आली. पण ओव्हनचं दार त्यांच्याशिवाय कोणी उघडायचं नाही. सून तृप्ती सातपूरला कारखान्यात नोकरीला. एकदा तिनं हौसेनं मोबाईलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावला, तर सासूबाई म्हणाल्या, "गजरावर उठायचं असतं. नानखटाई काढायची नसते."

तृप्ती हसली होती. पण त्यानंतर ती ओव्हनपाशी फिरकली नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरातल्या सगळ्यांना ताप आला आणि गेला. ज्योत्स्नाबाईंना येणारा वास मात्र गेला तो गेलाच. उदबत्ती, फोडणी, कापूर, काहीच नाही. येईल आठ दिवसांत, असं म्हणता म्हणता दिवाळी आली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. यादवरावांना सांगून उपयोग नव्हता. तपकीर ओढून ओढून त्यांचं नाक कधीच निवृत्त झालं होतं. आणि तृप्तीला सांगायचं, तर मग त्या घरात ज्योत्स्नाबाईंचं म्हणून काय उरत होतं? भाजी-पोळीला बाई होती. किराणा मोबाईलवर यायचा. दिवाळीच्या नानखटाया त्यांनी नुसत्या रंगावर काढल्या. जमल्या. त्यामुळे धीर वाढला.

डिसेंबरात ल्युडविनाचा फोन आला. ती आता देवळाली कॅम्पला राहायची. संधिवातानं तिची बोटं वाकडी झाल्यापासून तिच्या नाताळच्या ताटातला बाथ ज्योत्स्नाबाईच करून द्यायच्या.

"यंदा मडगावची नणंद येतेय," ल्युडविना म्हणाली. "तिच्यासमोर माझी लाज राख गे. तिला जिभेपेक्षा नाकच जास्त."

बावीस तारखेला संध्याकाळी ज्योत्स्नाबाईंनी दोन नारळ खोवले, बारा अंडी फेटली, रवा घातला, जायफळ किसलं. तूप सटाण्याच्या भावानं उन्हाळ्यात पाठवलेलं होतं, बिस्किटाच्या जुन्या डब्यात. ते पातळ करून घातलं. हे पीठ रात्रभर मुरावं लागतं. रवा फुगला की सकाळी भाजायचं.

कामावरून आलेली तृप्ती पाणी प्यायला आत आली आणि दारातच थबकली.

"आई, तुपाला वास येतोय का?"

"साजूक तुपाला वास असतोच. तुम्हाला पिशवीतल्या तुपाची सवय."

तृप्तीनं पेला भरला आणि ती निघून गेली.

ज्योत्स्नाबाईंनी डबा नाकाशी धरला. भिंतीला नाक लावावं तसं वाटलं. बोटानं चाखलं. जिभेवर नुसतं गुळगुळीत. कोणाला दाखवावं? यादवराव पेपर वाचत होते.

"अहो, जरा हे हुंगून बघा."

त्यांनी मनापासून हुंगलं. "फर्स्ट क्लास."

"काय आहे ते तरी ओळखलंत का?"

"तेल ना?"

रात्रभर त्यांना नीट झोप लागली नाही. सकाळी तृप्ती डबा भरत होती. ज्योत्स्नाबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढून अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "जायफळ पुरेसं झालंय का बघ गं."

तृप्तीनं वर पाहिलंसुद्धा नाही. "त्यातलं तुम्हालाच कळतं, आई. मी काय सांगणार?"

हे उत्तर आपणच शिकवलेलं आहे, हे ज्योत्स्नाबाईंना समजलं. ओव्हन तापला होता. ट्रेला तूप लावलेलं होतं. पीठ ओतलं की झालं. रंग बघून काढता आला असता. ल्युडविना बिचारी काही बोललीही नसती. पण त्या नणंदेसमोर तिनं पहिला तुकडा उचललेला त्यांना डोळ्यांपुढे दिसला, आणि हातातलं पातेलं त्यांनी ओट्यावर परत ठेवलं.

"तृप्ती, मला वास येत नाही."

"कशाचा?"

"कशाचाच नाही. तापापासून."

तृप्तीनं डब्याचं झाकण लावता लावता हात थांबवला. कीव येईल, फार तर हसू येईल, असं ज्योत्स्नाबाईंना वाटलं होतं. तृप्ती भडकली.

"एप्रिलपासून? आठ महिने? आई, दिवसभर तुम्ही दोघं घरात एकटे असता! गॅस सुटला असता तर? बाबांना कळलं असतं की तुम्हाला?"

हे ज्योत्स्नाबाईंच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या आठ महिने नानखटाईची काळजी करत बसल्या होत्या.

तृप्तीनं पातेल्यावर वाकून वास घेतला, मग तुपाच्या डब्याचा. "खवट झालंय. चांगलंच."

"मग काल स्पष्ट बोलायचं ना!"

"काल बोलले, तर मला पिशवीची सवय आहे म्हणालात."

दोन नारळ आणि बारा अंडी कचऱ्यात गेली. तृप्तीनं दोन दिवसांची रजा टाकली, नारळ, अंडी आणि नवीन तूप आणलं. तूप घालण्याआधी स्वतः हुंगलं आणि बरणी सासूबाईंपुढे उगाचच धरली. सवयीनं त्यांनीही हुंगलं. दोघींनाही हसू आलं, पण कोणी मोठ्यानं हसलं नाही.

चोवीस तारखेला सकाळी दोघी ओव्हनपुढे बसल्या. तृप्तीनं मोबाईल पालथा ठेवला.

"काय येतोय?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"अंड्याचा."

"तो येणारच. थांब." थोड्या वेळानं, "आता?"

"शिऱ्यासारखा. म्हणजे रवा भाजून पाणी घातल्यावरचा."

"थांब. नारळ अजून कच्चा आहे."

ज्योत्स्नाबाईंच्या लक्षात आलं, की तीस वर्षांत त्यांनी या वासाला कधी शब्द दिले नव्हते. द्यायची वेळच आली नव्हती.

"खोबऱ्याचा यायला लागला. वडी करतो ना, तसा."

"कढई सोडायच्या आधीची वडी की नंतरची?"

तृप्तीनं डोळे मिटले. "नंतरची. आणि तळाशी थोडं तांबूस. आई, तांबूसला वास असतो का?"

"असतो. काढ."

ओव्हनचं दार तृप्तीनं उघडलं. ज्योत्स्नाबाईंनी फडकं तिच्या हातात दिलं आणि त्या दोन पावलं मागे सरल्या.

दुपारी दोघी रिक्षानं कॅम्पला गेल्या. मडगावची नणंद आधीच सोफ्यावर बसलेली होती. ल्युडविनानं वाकड्या बोटांनी बाथची एक वडी उचलली, नाकाशी धरली, खाल्ली, नणंदेलाही दिली. नणंदेनं मान डोलावली आणि दुसरी उचलली. ल्युडविना मात्र ज्योत्स्नाबाईंकडे बघत राहिली.

"चांगला झालाय. पण हा तू नाही काढलास गे."

"हिनं काढला. माझं नाक गेलं, ल्युडविना."

ल्युडविनानं शेजारची खुर्ची ओढली आणि तृप्तीला हातानंच बसायला सांगितलं.

"दोन मिनिटं लवकर काढलास, बाय."

"मिनिटं नका सांगू," तृप्ती म्हणाली. "वास कसला यायला हवा होता, ते सांगा."

ल्युडविना सांगायला लागली. मध्येच ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "नाही गं, त्याच्याही थोडा आधी," आणि दोघी म्हाताऱ्या त्यावरून वाद घालू लागल्या. तृप्ती एकीकडून दुसरीकडे बघत, वडी नाकाशी धरून ऐकत राहिली.