प्रमोदिनीताईंचा कमरेचा पट्टा

आता सांगायला हरकत नाही. धोका टळलाय, पिस्तूल परत गेलंय, आणि प्रमोदिनीताईंनी स्वतःच "लिही गं वरदा, फक्त मला जरा बारीक दाखव" म्हणून परवानगी दिली आहे. बारीक दाखवणार नाही. बाई ठेंगण्या, भक्कम, आणि समोरच्याने आपणहून बाजूला व्हावं अशा चालणाऱ्या. त्यांच्यासाठी मी खोटं का लिहू?

बेलफास्टजवळच्या आमच्या गावात त्या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहेत. अर्ध्या गावाचे गुडघे आणि उरलेल्या गावाचा रक्तदाब त्यांना तोंडपाठ. शिवाय त्या पोलिसांच्या कोठडीतही जातात. अटक करून आणलेल्या माणसाला तपासायचं, त्याला मार बसलाय का, तो जबाब द्यायच्या अवस्थेत आहे का ते ठरवायचं, आणि वेळ आली तर कोर्टात उभं राहून सांगायचं. तिथे त्या पोलिसांची भीड ठेवत नाहीत की आरोपीची. अशा माणसावर कुणीतरी दात धरणारच.

एका वसंतात दोन अधिकारी त्यांच्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले की तुमचं नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर नको त्या लोकांच्या हाती लागलाय. इंग्लंडमध्ये असतं तर दाराला कुलूप वाढवून मिळालं असतं. तिथे साध्या माणसाला पिस्तूल बाळगताच येत नाही. आमचं नॉर्दर्न आयर्लंड याबाबतीत निराळं. जिवाला खरोखर धोका आहे अशी पोलिसांची खात्री पटली, तर इथे स्वतःच्या रक्षणासाठी पिस्तुलाचा परवाना मिळतो. ताईंना तो मिळाला.

त्यांचे यजमान दीनानाथराव पुलांचे इंजिनिअर. आयुष्यभर भार किती आणि तडा कुठे हेच बघितलेला माणूस. ते म्हणाले, "प्रमू, लंडनला, एजवेअरमध्ये माझ्या ताईच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होतोय. निवांत राहू. लोकम कर हवं तर, रजेवरच्या डॉक्टरांच्या जागी."

"अहो, पळसाला पानं तीनच," ताई म्हणाल्या. "तिथे काय सुरे चालत नाहीत? आणि माझे पेशंट कोण बघणार?"

बरीच वादावादी झाली. शेवटी दीनानाथरावांनी एक अट घातली. आपलं येणं-जाणं, सणवार, माणसं यात काडीचाही फरक पडता कामा नये. ज्या दिवशी आपल्या माणसांतल्या एकाला जरी कळलं, की तुझ्या अंगावर पिस्तूल असतं, त्या दिवशी सामान बांधायचं आणि एजवेअर गाठायचं. त्यांचंही चूक नव्हतं. आमच्या मराठी मंडळात एकाला कळलेली गोष्ट ग्रुपवर न टाकताही संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. ताई म्हणाल्या, "चालेल."

गावाबाहेर ट्रेव्हर नावाच्या म्हाताऱ्याचं बंदुकांचं दुकान आहे. एरवी त्याचं गिऱ्हाईक म्हणजे कावळे आणि कोल्हे मारणारे शेतकरी. त्याने ताईंपुढे तळहातात मावेल असं एक पिस्तूल ठेवलं आणि म्हणाला, "डॉक्टर, बायका हेच नेतात. हँडबॅगेत छान बसतं."

"आमच्याकडे बायका हँडबॅगेचं काय करतात माहितीये?" ताईंनी विचारलं. "घरात शिरल्या की बेडरूममधल्या पलंगावर टाकतात. वर कोटांचा ढीग. आणि त्या ढिगात पोरं लपाछपी खेळतात."

हँडबॅग तिथेच बाद झाली. सरावाच्या ठिकाणी ते चिमुकलं पिस्तूलही बाद झालं. मुठीत दोनच बोटं मावत, आणि वजनच नसल्यामुळे प्रत्येक गोळीला ते हातातून उसळे. जितकं लहान तितकं सोपं, असं आपल्याला वाटतं, इथे उलटंच. मग ताईंनी पोलिसांकडे असतं तसं मोठं पिस्तूल उचललं. हातात घट्ट बसलं, नेम बरोबर लागला. "हेच द्या," त्या म्हणाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना दोन दिवस विचार करायला सांगणाऱ्या बाईंनी स्वतः मात्र तिथल्या तिथे उभ्याउभ्या निर्णय घेतला.

आता माझी बाजू. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की मंडळाच्या गणपतीला दरवर्षी पैठणी नेसून मिरवणाऱ्या प्रमोदिनीताई या वर्षी पॅंट आणि लांब जॅकेट घालून आल्या. जेवायला आम्ही सगळ्याजणी सतरंजीवर बसलो, तर त्या खुर्ची ओढून बसल्या. तेही चाललं असतं. पण नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाईंना, ज्यांच्या पायाशी त्या दर भेटीत वाकायच्या, त्यांना ताईंनी या वेळी उभ्यानेच हात जोडले.

माझं डोकं फिरलं. घरी येताना गाडीत मी यतीनला, म्हणजे नवऱ्याला, म्हटलं, "बघितलंस? हॉस्पिटलातले मोठे कन्सल्टंटसुद्धा वाकतात आईंपुढे. या जीपी असून एवढा ताठा."

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "ताठा नाही तो. तिला वाकता येत नव्हतं."

"अहो आई, तुम्ही प्रत्येकाला सांभाळूनच घेता," मी म्हटलं आणि विषय मिटवला. शहाणी मीच ना.

त्या दिवशी दीनानाथरावांनीही घरी विषय काढला होताच. साडी नाही, सतरंजी नाही, नमस्कार नाही; फरक पडणार नाही म्हणाली होतीस, त्याचं काय? ताईंना ते लागलं. जीव वाचवायला घेतलेली वस्तू आपलं जगणंच गिळते आहे, आणि चूक आपल्या निवडीची आहे, हे त्यांनी कबूल केलं. त्यांनी पिस्तूल निवडताना हात बघितला होता, कंबर बघितली नव्हती. उभं असताना जॅकेटखाली काही दिसायचं नाही, पण वाकलं की कमरेच्या पट्ट्यात अडकवलेल्या पिस्तुलाची लांब मूठ मागे वर यायची आणि जॅकेटला खुंटी मारल्यासारखा उंचवटा यायचा.

त्या परत ट्रेव्हरकडे गेल्या. "मला असं दाखवा, की जे मुठीत धरता येईल आणि कमरेला लावून वाकताही येईल."

"किती वाकायचंय?" ट्रेव्हरने विचारलं. त्याला वाटलं, बुटाची नाडी वगैरे.

"दाखवते," म्हणाल्या, आणि दुकानातल्या आरशाकडे पाठ करून त्या ट्रेव्हरच्या पायाशी वाकल्या.

ट्रेव्हर दोन पावलं मागे सरकला. दर रविवारी चर्चला जाणारा माणूस. आपल्या पायाशी अख्खी डॉक्टर वाकलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती. पण ताईंनी त्याला बाजूला उभं केलं, मान वाकडी करून आरशात काय दिसतं ते बघायला सांगितलं, आणि एकेक पिस्तूल कमरेला लावून पुन्हा पुन्हा नमस्कार घातला. एकाची मूठ दिसली. एक इतकं चपटं, की ताईंच्या अंगठ्याच्या दुखऱ्या सांध्याला गोळी चढवायला मागे ओढायची त्याची वरची खीळ ओढवेना. शेवटी एक मधलं निघालं. नळी आखूड, मूठ आखूड पण करंगळीपर्यंत हात बसेल इतकी, आणि वजन उसळी दाबून धरण्यापुरतं. ते लावून त्या वाकल्या. जॅकेट पाठीवर सरळ राहिलं.

"काही दिसत नाही," ट्रेव्हर म्हणाला. मग जरा घुटमळून, "असं वाकल्यावर आमच्या बाजूने काय करायचं असतं?"

"आशीर्वाद द्यायचा."

त्याने ताईंच्या डोक्यावर हात ठेवला. "गॉड ब्लेस यू, डॉक्टर." हे सांगताना ताई आजही हसतात आणि हसता हसता डोळे पुसतात.

दसरा आमच्याकडे होता. सासूबाईंनी पाटावर शस्त्रं मांडली होती. आमच्या घरात शस्त्रं म्हणजे माझा लॅपटॉप, यतीनचं ड्रिल, स्वयंपाकघरातली मोठी सुरी. ताईंनी आल्या आल्या आपला स्टेथोस्कोप तिथे ठेवला. आपट्याची पानं बेलफास्टमध्ये कुठून आणणार? यतीनने कुंपणावरच्या आयव्हीच्या वेलीची पानं तोडून आणली होती. सोनं द्या, सोनं घ्या सुरू झालं. ताई जॅकेटमध्येच होत्या, पण खाली चक्क बसल्या, माझ्याकडून वाढून घेतलं. मग उठून सासूबाईंपुढे गेल्या आणि पूर्वीसारख्या, अगदी पायाला हात लावून, वाकल्या. दीनानाथराव हातात आयव्ही घेऊन शेजारीच उभे होते. मी मागे पूजेचं तबक धरून. जॅकेटवर सुरकुतीही पडली नव्हती.

पण ट्रेव्हर डोक्यावर हात ठेवतो. माझ्या सासूबाई डोक्यावर ठेवतात आणि मग पाठीवरून खाली कमरेपर्यंत फिरवतात. तो हात कमरेशी आला आणि थांबला.

ताई वाकलेल्याच राहिल्या. दीनानाथरावांचा चेहरा उतरला. त्यांनी मुद्दाम साधा आवाज काढून विचारलं, "काय झालं, काकू?"

माझे सासरे नागपुरात फौजदार होते. घरी आल्यावर त्यांचा पिस्तुलाचा पट्टा काढून घेऊन खुंटीला लावायचं काम सगळा संसारभर सासूबाईंनी केलं. त्यांच्या बोटांना काय समजलं असेल, हे मला आत्ता लिहिताना सांगता येतं. तेव्हा मी नुसतीच तबक धरून उभी होते.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "पट्टा बांधलाय हिने. कंबर दुखत असेल. म्हणून गणपतीत वाकता येईना."

"हो काकू," ताई कशाबशा म्हणाल्या.

"बांधत जा. कंटाळा करून घरी काढून ठेवायचा नाही." मग त्यांनी माझ्या तबकातलं हळदकुंकू चिमटीत घेतलं, झेंडूचं एक फूल घेतलं, आणि ताईंच्या राखाडी जॅकेटवर, कमरेच्या बरोबर त्या जागी लावलं. अगदी हळू म्हणाल्या, "सगळ्यांची पूजा झाली. एवढीच राहिली होती."

मी ऐकलं. दीनानाथरावांनीही ऐकलं.  गणपतीच्या दिवशी मी वापरलेला 'ताठा' हा शब्द आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दीनानाथराव बायकोकडे वळले. "प्रमू, आपलं ठरलं होतं. काकूंना कळलं."

"मला काय कळलं?" सासूबाईंनी विचारलं. आवाज जराही चढवला नाही. "पट्टा आहे. वरदा, तुला काय दिसलं?"

"पट्टा," मी म्हटलं.

"झालं तर. आमच्या ह्यांनाही होता. ते कामावर जायचे, मी दाराशी उभी राहायचे. भीती वाटायचीच हो, दीनानाथराव. रोज वाटायची. पण मी त्यांना कधी घरी बस म्हटलं नाही."

 दीनानाथरावांनी हातातलं आयव्हीचं पान ताईंच्या हातात दिलं. "घे सोनं," ते म्हणाले. "आणि एजवेअरला ताईला फोन कर. तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला दे म्हणावं."

सोमवारी ताई कोठडीत ड्यूटीवर गेल्या त्या तेच जॅकेट घालून. कुंकवाचा डाग निघाला नव्हता, आणि त्यांनी तो काढायचा प्रयत्नही केला नव्हता. सार्जंटने विचारलं, "डॉक्टर, पाठीला काय लागलंय?"

"आशीर्वाद," म्हणाल्या, आणि पेशंट बघायला आत गेल्या.