खिडकीवालीचा उजवा गाल

बसस्थानकातल्या तिकीट खिडकीवर बसणारी बाई लोकांना दिसायची ती फक्त तोंडापुरती. बाकीची बाई फळीखाली. त्यामुळे तिच्या उजव्या गालावर काळी लव उगवली, ती घरच्या आरशाआधी रांगेनं पाहिली.

कानशिलापासून जबड्यापर्यंत नुसतं रान, आणि डावा गाल लख्ख. बाईनं खुर्ची तिरकी केली, डावा गाल लोकांपुढे धरला. मान आखडली. वर लोक म्हणायचे, बाईला फार शिष्टपणा आलाय.

सासूबाईंनी डाळीचं पीठ चोळायला लावलं. शेजारच्या खिडकीतली पासवाली म्हणाली, "दोरा फिरवून घे, दात घट्ट धर." शेवटी आगाराचे साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्या पार्सलच्या खोलीत बसा. चारचौघांत बरं दिसत नाही."

साहेबांच्या कानांतून केसांचे झुबके डोकवायचे आणि डोक्यावरचे उरलेसुरले एका कानावरून दुसऱ्या कानापर्यंत पांघरलेले असायचे. त्यांना कुणी पार्सलच्या खोलीत बसवलं नव्हतं. त्या खोलीत उजेड नाही, उंदीर मात्र भरपूर. आणि ही खिडकी मिळवायला बाईनं निम्मी नोकरी घासली होती. तिनं महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली आणि नवऱ्याला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेली.

"पाळी वेळेवर येते?"

"येते."

"आवाज जाड झालाय?"

"रांगेवर ओरडून होतो तेवढाच."

"कसल्या गोळ्या चालू?"

"काही नाही."

"तिला काळजी फार," नवरा टोपी सावरत मध्येच बोलला. "त्यानं उष्णता वाढते."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "पाळी चुकते, आवाज फुटतो, हनुवटीवर राठ केस भराभर येतात, तेव्हा बीजकोश नाहीतर मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बिघडलेल्या असू शकतात. तुमचं तसं दिसत नाही, तरी रक्त तपासू."

रक्त निर्मळ निघालं. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी गाल उजेडाकडे वळवला. "एकाच बाजूला कसं हे? झोपता कुठल्या कुशीवर?"

"उजव्या. हे पहाटे फिरायला गेले की यांच्या उशीवर. मऊ आहे."

डॉक्टरबाईंची नजर सावकाश टोपीवर गेली. "काढा ती."

टोपीखाली टक्कल तुकतुकत होतं.

"काय लावता?"

"केस उगवायचं औषध," नवरा पुटपुटला. "रोज झोपताना. वर्ष झालं, एक उगवला नाही."

"उगवलेत की. उशीवरून बायकोच्या गालावर गेलं सगळं. औषध तिला लागू देऊ नका, काही महिन्यांत गाल मोकळा होईल."

बायको काही बोलणार, तोच नवऱ्याचा चेहरा उजळला. "म्हणजे माल खोटा नाही. मी उगाच त्या दुकानदाराला शिव्या घातल्या."

त्या रात्री बाईनं त्याची उशी, गादी आणि बाटली बाहेरच्या खोलीत टाकली. "बाटली सोडलीत तर आत या," म्हणाली. तो बाटलीसकट बाहेरच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सगळं सांगितलं. रोग नाही, कारण सापडलंय, गाल सुधारणार आहे. साहेबांनी दार लोटलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"औषधाचं नाव काय म्हणालात?"

"सांगते की. पण पार्सलच्या खोलीतून सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल. अख्ख्या आगाराला ऐकू जाईल."

साहेबांनी डोक्यावरचं पांघरूण हातानं चाचपलं. "तुम्ही खिडकीवरच बसा हो. कोण उठवतंय तुम्हाला?"

बाईनं नाव सांगितलं. दारातून मागं वळून म्हणाली, "वहिनींची उशी तेवढी लांब ठेवा."

मग खिडकीत जाऊन तिनं खुर्ची सरळ केली, दोन्ही गाल रांगेपुढे धरले आणि विचारलं, "हं, कुठलं तिकीट?"