मोजायचा राहिलेला माणूस

साखर कारखान्यात मी मिलवर पाळीप्रमुख झालो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मुडबीच्या बाजूचं आमचं खेडं. वडिलांनी बौद्ध धर्म घेतला त्या सुमाराला मी पाटी घेऊन शाळेत जायला लागलो, आणि पुढं गुलबर्ग्याला राहून डिप्लोमा केला. दुसऱ्यांना काम सांगणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. हे मला ठाऊक होतं, तसं माझ्या हाताखालच्या बारा जणांनाही.

त्यात काही कानडी बोलणारे, काही मराठी, आणि ऊस ओढणाऱ्या पट्ट्याच्या स्विचवर दखनी उर्दू बोलणारा एक वयस्कर मिस्त्री. कुणी काम टाळलं की मी त्यामागं आधी जात शोधायचो. कधीकधी ती असायचीही. म्हणून ठरवलं होतं, आपल्याकडून कुणावर अन्याय व्हायचा नाही. पाळी सुरू होताना सूचना तिन्ही भाषांत द्यायचो. जोखमीची कामं आळीपाळीनं वाटायचो. याचा मला अभिमान वाटायचा.

एकटा अप्पा मात्र माझ्या हाताला लागत नव्हता. पन्नाशीचा माणूस, मेंढरं विकून शेती-मजुरीला लागलेल्या धनगर घरातला, मिलच्या त्या दणदणाटात कितीतरी हंगाम काढलेला. मी बोलायला लागलो की तो शेजारचा काय करतोय ते बघायचा. पाठीमागून हाक मारली तर वळायचाही नाही. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अप्पा, माझं ऐकायला कमीपणा वाटायलाय का?"

तो नुसता हसला. ते हसू माझ्या डोक्यात गेलं. दुसऱ्या दिवसापासून आळीपाळी मोडून गव्हाणीत उतरायचं काम मी त्यालाच द्यायला लागलो. गव्हाण म्हणजे ऊस टाकायची लांब, खोल जागा. तळाशी साखळीचा पट्टा असतो, तो ऊस ओढत कटरकडं नेतो.

माघातली दुपार होती. उसाबरोबर एक दगड आला आणि पट्टा अडकला. बाहेर गाड्यांची रांग वाढत चाललेली. वरच्या कठड्यावरून इंजिनिअर साहेब मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. अप्पा आणि आणखी दोघं खाली उतरले. थोड्या वेळानं दगड निघाला. मी घंटा वाजवली. घंटा झाली की सगळ्यांनी वर यायचं, असा नियम. शिडीवरून एक आला, दुसरा आला.

मिस्त्रीनं स्विचवर हात ठेवून विचारलं, "साब, अप्पा?"

"आला वर. चालू कर."

मी बघितलं नव्हतं. साहेबांसमोर आपण ढिले दिसायला नको, एवढंच मनात होतं.

पट्टा हातभर सरकला असेल नसेल, वर आलेल्या दोघांपैकी एक जण कानडीत किंचाळला. मिस्त्रीनं मला न विचारता स्विच पाडला. मी शिडीवरून निम्मा घसरतच खाली गेलो. अप्पा वाकून उसाची पाचट काढत राहिला होता. त्याचा डावा पाय पट्ट्याची लोखंडी पट्टी आणि कडेचा पत्रा यांच्यामध्ये सापडला होता. कटर तिथून पाच पावलांवर. आम्ही तिघांनी पहारीनं पट्टी उचलून त्याचा पाय सोडवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "घंटा झाली व्हय?"

त्याच्या पायाची दोन बोटं गेली.

संध्याकाळी इंजिनिअर साहेबांनी माझ्यापुढं कागद सरकवला. "लिहा, घंटा होऊनही कामगार बाहेर आला नाही. तुमची नोकरी नवी आहे, विचार करा."

मी कागद घेऊन बाहेर आलो. मिस्त्री पायरीवर बसला होता.

"अप्पाला ऐकू येत न्हाई?"

"लई दिवस झाले. सबको मालूम है. साहेब लोकांना कळलं तर घरी बसवतील."

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

तो माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "तुमी तीन जबानमें सांगता, साब. इचारत एकातबी न्हाई."

मी तिथंच उभ्याउभ्या लिहिलं: माणसं न मोजता पट्टा मी चालू करायला लावला, मिलच्या आवाजात नुसत्या घंटेवर भरवसा ठेवता येत नाही. अप्पाच्या कानांबद्दल लिहिलं नाही. ते बरोबर केलं की चूक, आजही मला ठामपणे सांगता येणार नाही. मला मेमो मिळाला आणि माझी बढती मागं पडली.

आठवड्यानं हुलसूरजवळच्या अप्पाच्या गावी गेलो. दारात त्याची बायको धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"कामून आलाव?"

"अक्का, चूक माझी हाय. तेवढं सांगायला आलो."

"मग त्येला सांगा की. आन् मोठ्यानं सांगा, त्येला ऐकू जात न्हाई."

अप्पा आत बाजेवर पाय उंच ठेवून पडला होता. मी सांगितलं. त्यानं कानाला हात लावला. मी पुन्हा सांगितलं, ओरडून. शेजारच्या अंगणातल्या बायका बोलायच्या थांबल्या.

अप्पानं कानावरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "घंटा किती बी वाजवा, मला काय कळतंय? जो खाली उतरल त्यानं आपला टावेल कठड्याला बांधावा. वर आला की सोडावा. टावेल दिसतोय तवर पट्टा हालवायचा न्हाई. दिसतं तर सगळ्यालाच की."

मी तसंच सुरू केलं. पहिले काही दिवस लोक कुरकुरले, एकानं तर "हे काय पोरखेळ" म्हणून टावेल खांद्यावरच ठेवला. मी त्याला उतरू दिलं नाही. पुढं दुसऱ्या पाळ्यांनीही तेच उचललं.

अप्पा दीड महिन्यानं लंगडत कामावर आला. सगळे गोळा झाले होते. त्यानं त्यांच्यासमोरच मला सांगितलं, "सायब, दुसऱ्या कुणाच्या बी पाळीत उतरतो. तुमच्या पाळीत मी खाली उतरणार न्हाई."

मी व्हय म्हणालो आणि त्याला तेल-ग्रीसचं काम दिलं. तो आणखी पाच-सहा हंगाम माझ्या हाताखाली होता. बोलायचा, पोराच्या लग्नाला बोलावलंही त्यानं. पण माझ्या पाळीत तो गव्हाणीत कधी उतरला नाही.