पुसलेलं ‘हो’

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही.

आधी नानांबद्दल सांगते. त्यांच्याबद्दल बोलताना मला बरं वाटतं, आणि मूळ गोष्ट तेवढीच पुढे ढकलली जाते — हेही कबूल करून टाकते.

धुळ्याच्या ज्या हॉस्पिटलात मी एक्स-रे वाचायला शिकले, तिथले नाना हे छातीचे डॉक्टर. शिपायापासून डीनपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत. किडकिडीत माणूस, खिशात पेनाऐवजी फूटपट्टी. आम्ही शिकाऊ डॉक्टर उजेडाच्या पेटीवर फिल्म लावून पंधरा मिनिटं डोळे ताणायचो, आणि नाना दारातूनच म्हणायचे, “उजवीकडं खाली बघ.” तिथं काहीतरी असायचंच. पण मला त्यांच्या नजरेपेक्षाही दुसरंच आवडायचं. खेड्यातून आलेल्या बायांना ते पेटीसमोर खुर्ची देऊन बसवायचे आणि त्यांचीच छाती त्यांना समजावून सांगायचे. फोटो तुमचा, मग तुम्ही बघायला नको का, असं त्यांचं म्हणणं. असा डॉक्टर मी नंतर पाहिला नाही. मी स्वतःही तशी झाले नाही.

नानांनी एक संशोधन हाती घेतलं होतं. आमच्या खानदेशात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, चुलीत जातात. मी असोद्याची, आईची चूल वर्षानुवर्षं त्यावरच पेटली, त्यामुळे तो धूर मला कोणी शिकवायला नको होता. जन्मात विडीला हात न लावलेल्या बायांची फुप्फुसं त्या धुरानं निकामी होतात. पुढे त्याचा भार हृदयावर पडतो, आणि हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी फुगत जाते. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, केली की ते नक्की कळतं. पण इकोचं मशीन शहरात, आणि बाया खेड्यात. साधा एक्स-रे मात्र तालुक्याला निघतो. मग त्या साध्या फोटोवरच फुगलेली रक्तवाहिनी ओळखता आली तर? कोणाला आधी शहरात न्यायचं, हे तिथंच ठरेल. नानांनी या एका प्रश्नामागे कितीतरी रविवार घातले.

पद्धत अशी होती. प्रत्येक फिल्म दोघांनी वाचायची — एक नाना, दुसरी मी. वेगवेगळं, एकमेकांना न विचारता. कागदावर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं आणि पाकीट बंद करायचं. दोघांपैकी एकानं जरी ‘हो’ म्हटलं, तरी त्या बाईचा इको करायचा. दोघांचं ‘नाही’ असेल तर बाई घरी. दुसरा वाचक कशासाठी असतो? पहिल्याच्या नजरेतून सुटलेलं धरायला. एवढंच माझं काम होतं.

आता येते मुद्द्यावर. येतेच आहे.

नाना आपलं उत्तर आधी एका लांब वहीत लिहायचे. ती वही टेबलाच्या खणात असायची, आणि खणाला कुलूप नव्हतं. दुपारी ते जेवायला घरी जायचे. पहिल्यांदा मी वही उघडली ती एका फिल्मवर अडले म्हणून — नुसतं बघू, आपलं बरोबर आहे का. बरोबर होतं. केवढा आनंद झाला मला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. मग दर दुपारी. जिथं आमचं जुळत नव्हतं, तिथं मी माझं उत्तर बदलायला लागले. नाना चुकतील असं माझ्या मनातही येत नव्हतं... नाही, हे खोटं आहे. येत होतं. पण नानांसारखी नजर असलेली मुलगी म्हणून मिरवायची मला चटक लागली होती. आमची उत्तरं जुळायला लागली तशी हॉस्पिटलभर माझी तारीफ झाली. नाना पाहुण्यांना सांगायचे, “ही असोद्याची पोर माझ्यापेक्षा बारीक बघते.” वाळवी लागलेल्या दाराला नवा रंग द्यावा, तशी ती शाबासकी मी अंगाला लावून घेत होते.

एके दिवशी एक फिल्म आली. नाव पट्टीनं झाकलेलं, नुसता नंबर. मी फूटपट्टी लावून ती रक्तवाहिनी मोजली. रुंद होती. पुन्हा मोजली. रुंदच होती. शंकेला जागाच नव्हती. मी पेन्सिलीनं कागदावर ‘हो’ लिहिलं.

मग खण उघडला. वहीत ‘नाही’ होतं.

किती वेळ बसले असेन? पाच मिनिटं? खालच्या कॅन्टीनमधून भज्यांचा वास येत होता, हे आठवतं. मग मी खोडरबर घेतलं, ‘हो’ पुसलं, त्याच जागी ‘नाही’ लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. त्या फिल्ममागे कोणी बाई आहे, ती आज संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसणार आहे, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मीच तर चुलीपुढून उठून आलेले.

दोन वर्षांनी ती बाई परत आली. कमलबाई. पारोळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावातली, पन्नाशीची. पाय सुजलेले, ओठ निळसर, चार पावलं चालली की धाप. इकोमध्ये हृदयाची उजवी बाजू पार ताणलेली दिसली. नानांनी तिची जुनी फिल्म शोधून पेटीवर लावली, आणि लावताक्षणी कपाळाला हात मारला. मला हाक मारून म्हणाले, “हे बघ. तेव्हाच होतं हे. माझ्याकडून सुटलं.” तेव्हाच कळलं असतं तर चूल सुटली असती, औषध आणि घरी ऑक्सिजन वेळेवर मिळाला असता. नाना त्या दिवशी जेवायला गेले नाहीत.

पुढच्या रविवारी ते तिच्या घरी गेले. माफी मागायला. एवढा मोठा डॉक्टर — कोणी तक्रार केली नव्हती, कोणाला काही कळणारही नव्हतं. मला म्हणाले, “तू चल सोबत.” मी गेले. कमलबाई खाटेवर बसल्या होत्या, आम्हाला बघून उठायला लागल्या. “डॉक्टरसाहेब, इतला लांब कसाले उनात?” आम्ही एवढ्या लांब का आलो, हे त्यांना कळेना. नानांनी हात जोडून, सरळ शब्दांत, आपली चूक सांगितली. कमलबाईंनी ऐकून घेतलं आणि दम खात खात म्हणाल्या, “तुमनी काय चूक? फोटूमाच दिसनं नही, ते तुम्ही काय करशात?” आणि सुनेला आमच्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. मी तो चहा प्यायले.

 परतताना जीपमध्ये नानांनी विचारलं, “तुला जरा तरी वाटलं होतं का गं? नुसती शंका?”

हेच ते. कागदावरचं ‘हो’ पुसलं तेव्हा निदान मी एकटी होते. आता तो माणूस माझ्याकडे बघत होता, आणि त्याला उत्तर हवं होतं — स्वतःची सुटका करून घ्यायला नाही, कामासाठी. मी म्हटलं, “नाही, नाना.”

त्यांनी मान हलवली. दोन वाचकांना वेगवेगळं बघूनही दिसलं नाही, म्हणजे आजार आधी माहीत असल्याशिवाय ते फोटोत दिसत नाही, साध्या फोटोवर भरवसा ठेवता येत नाही, असा त्यांनी अर्थ काढला. अहवालात तसंच लिहिलं. तालुक्याच्या एक्स-रेवरून बाया निवडायचा बेत त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला ठेवला. त्यांचा एवढ्या रविवारांचा प्रश्न माझ्या एका ‘नाही’वर बुडाला. कमलबाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. नाना अंत्ययात्रेला गेले होते. मी ड्यूटी लावून घेतली.

आता माझं जळगावात स्वतःचं सेंटर आहे, बरं चालतं. एक्स-रे वाचायला शिकवलेले कॉम्प्युटर आलेत. गेल्या महिन्यात धुळ्याच्या तरुण डॉक्टरांनी नानांच्या त्या जुन्या फिल्म अशाच एका कॉम्प्युटरला दाखवल्या आणि आम्हा दोघांना बोलावलं. नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत, काठी घेऊन आले. पडद्यावर कमलबाईंची फिल्म आली. कॉम्प्युटरनं त्या रक्तवाहिनीभोवती लाल चौकट काढली होती. तो तरुण डॉक्टर जरा संकोचून म्हणाला, तुम्हा दोघांना दिसलं नव्हतं ते याला दिसलं.

दुसरा एखादा खट्टू झाला असता. नानांचा चेहरा उजळला. खुर्चीतून पुढे वाकून ते त्या चौकटीकडे बघत राहिले, आणि माझा हात धरून म्हणाले, “बघ, आपण हरलो. म्हणजे फोटोत होतं. दिसण्यासारखं होतं. बरं झालं, जिवंतपणी कळलं.” मग म्हणाले, आता हे तालुक्या-तालुक्याला पोचवा, उशीर करू नका. त्यांचे डोळे भरून आले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या लाल चौकटीच्या किती वर्षं आधी ते मला दिसलं होतं. मी दोनदा मोजलं होतं.